दहा हजार ओळी सीच्या, हजार असेम्ब्लीच्या

स्वतःची छोटीशी ऑपरेटिंग सिस्टिम लिहून पाहायची असं ज्याच्या मनात येतं, त्याला सुरुवातीलाच एक प्रश्न अडवतो: असेम्ब्लीत लिहू की सीमध्ये? आपल्याकडे पॉलिटेक्निकला आणि इंजिनिअरिंगला मायक्रोप्रोसेसरच्या प्रॅक्टिकलमध्ये ८०८५ किंवा ८०८६ची असेम्ब्ली भेटते. सी भेटते ती मॅट्रिक्सच्या बेरजा आणि लिंक्ड लिस्ट करताना. त्यामुळे हार्डवेअरशी बोलायचं तर असेम्ब्लीच हवी, ही समजूत पक्की बसते. मग बूट सेक्टरपासून शेड्यूलरपर्यंत सगळं असेम्ब्लीत लिहायला घेतलं जातं आणि कीबोर्डच्या ड्रायव्हरच्या आसपास कुठेतरी उत्साह संपतो.

या प्रश्नाचं सगळ्यात नेमकं उत्तर युनिक्स घडवणाऱ्या केन थॉम्पसन यांनी १९७८ साली बेल सिस्टिम टेक्निकल जर्नलमधल्या लेखात आकड्यांत दिलं होतं. युनिक्सच्या कर्नलमध्ये तेव्हा सीच्या सुमारे १०,००० ओळी होत्या आणि असेम्ब्लीच्या सुमारे १,०००. त्या हजार ओळींचीही त्यांनी फोड केली. २०० ओळी केवळ वेगासाठी होत्या, त्या सीमध्येही लिहिता आल्या असत्या. उरलेल्या ८०० ओळी हार्डवेअरच्या अशा कामांसाठी होत्या जी सीमध्ये करताच येत नाहीत.

माझा सगळा सल्ला या आठशे-दोनशेच्या फोडीवर उभा आहे. कर्नल सीमध्ये लिहा. असेम्ब्लीची एखादी ओळ लिहायला हात उचलला, की ती आठशेतली आहे की दोनशेतली हे आधी ठरवा. आठशेतली असेल तर बेलाशक लिहा, पण वेगळ्या फाइलीत आणि शक्य तितकी थोडी. दोनशेतली असेल तर मोजमाप हातात येईपर्यंत थांबा.

ही वाट युनिक्सवाल्यांनाही फुकट मिळाली नव्हती. १९६९ मध्ये पीडीपी-७ वर सुरू झालेलं युनिक्स असेम्ब्लीतच लिहिलेलं होतं. पीडीपी-११ वर आल्यावर १९७३ मध्ये त्याचा कर्नल सीमध्ये नव्यानं लिहिला गेला. त्यापूर्वीही बरोज कंपनीच्या यंत्रांवर आणि मल्टिक्समध्ये उच्चस्तरीय भाषेत ऑपरेटिंग सिस्टिम लिहिण्याचे प्रयोग झाले होते, पण तो निर्णय तेव्हाही स्वस्त नव्हता. सीमध्ये लिहिलेली सिस्टिम आधीच्यापेक्षा सुमारे एक तृतीयांशानं मोठी झाली, आणि तेव्हाची मेमरी किलोबाइटांत मोजली जात होती. तरीही सीचे कर्ते डेनिस रिची आणि थॉम्पसन यांनी ही वाढ मान्य केली, कारण नवी सिस्टिम समजायला आणि बदलायला कितीतरी सोपी होती आणि तिच्यात नव्या सोयीही आल्या होत्या. इतक्या टंचाईत त्यांना हे परवडलं, तर गिगाबाइटांच्या जमान्यात आपल्याला न परवडण्याचं कारण मला दिसत नाही.

आता त्या आठशे ओळींकडे बघू, कारण खरं शिकण्यासारखं तिथेच आहे.

सीचं कुठलंही फंक्शन काही गोष्टी गृहीत धरून चालतं. स्टॅक तयार आहे, स्टॅक पॉइंटर त्याकडे बोट दाखवतोय, किंमत न दिलेली ग्लोबल व्हेरिएबल्स शून्य आहेत. प्रोसेसर नुकताच जागा झालेला असतो तेव्हा यातलं काहीच खरं नसतं. ते खरं करून देणं हे असेम्ब्लीचं पहिलं काम. एमआयटीत शिकवण्यासाठी बनवलेली एक्सव्ही६ ही सिस्टिम घ्या. तिच्या रिस्क-फाइव्ह आवृत्तीत सुरुवातीच्या फाइलीत दहाच्या आत सूचना आहेत. आपण कितव्या क्रमांकाचा कोअर आहोत ते वाचायचं, त्यानुसार ४,०९६ बाइटांच्या आपल्या वाट्याच्या स्टॅकचा पत्ता काढायचा, तो स्टॅक पॉइंटरमध्ये ठेवायचा आणि सीच्या फंक्शनला हाक मारायची. तेवढ्यावर असेम्ब्लीचं काम थांबतं.

एक्स८६वर जुन्या बायॉसच्या पद्धतीनं बूट करायचं तर हा भाग लांबतो. बायॉस डिस्कवरचा ५१२ बाइटांचा पहिला सेक्टर हेक्समध्ये ७सी०० या पत्त्यावर आणून ठेवतो. त्याच्या शेवटच्या दोन बाइटांत ५५ आणि एए आहेत का ते बघतो आणि १६ बिटांच्या मोडमध्येच त्यावर उडी मारतो. तिथून ३२ आणि मग ६४ बिटांपर्यंतची चढण तुमची तुम्ही चढायची. मी ठामपणे सांगेन, पहिल्या प्रयत्नात यात गुंतू नका. ग्रब किंवा लिमाइनसारखा तयार बूटलोडर घ्या. एक्स८६चा इतिहास अंगावर घेण्यात गेलेले महिने तुम्हाला ऑपरेटिंग सिस्टिमबद्दल फारसं काही शिकवत नाहीत. शिकायचं असतं ते पुढे, ट्रॅप आणि कॉन्टेक्स्ट स्विचमध्ये.

ट्रॅप म्हणजे यूजर प्रोग्राम चालू असताना इंटरप्ट, सिस्टिम कॉल किंवा चूक यांमुळे कर्नलमध्ये होणारा प्रवेश. रिस्क-फाइव्हवर या क्षणी सगळी ३१ रजिस्टरं यूजर प्रोग्रामच्या किमतींनी भरलेली असतात आणि त्यातली एकही हरवून चालत नाही. स्टॅक पॉइंटरही यूजरचाच, त्याच्यावर कर्नलनं विसंबायचं नाही. रजिस्टरं मेमरीत उतरवायची तर पत्ता धरायला एक रजिस्टर मोकळं हवं, आणि मोकळं तर एकही नाही! म्हणून प्रोसेसर बनवणाऱ्यांनी एसस्क्रॅच नावाचं एक खास रजिस्टर ठेवलं आहे. ए० रजिस्टरमधली किंमत तात्पुरती तिथे टाकायची, ए० मोकळं करून घ्यायचं, त्याच्या आधारानं बाकीची ३० उतरवायची आणि शेवटी बाजूला ठेवलेली ती किंमतही जागेवर लावायची. मग कर्नलचा स्टॅक घ्यायचा आणि पेज टेबल बदलायचं. पेज टेबल बदललं की पायाखालचा नकाशाच बदलतो, म्हणून हा कोड यूजर आणि कर्नल या दोन्ही नकाशांत एकाच पत्त्यावर ठेवलेला असतो. यातलं काहीही सीमध्ये मांडता येत नाही. सीला रजिस्टरं माहीत नाहीत, आणि तिच्या फंक्शनला पाय ठेवायला आधी स्टॅक लागतो. ही आठशेतली ओळ ओळखायची खूण आहे: जे सांगायचंय त्यासाठी भाषेत जागाच नाही.

कॉन्टेक्स्ट स्विच, म्हणजे एका थ्रेडवरून दुसऱ्यावर जाणं, त्याहून छोटा आणि मला त्याहून सुंदर वाटतो. एक्सव्ही६मधलं हे फंक्शन १४ रजिस्टरं जुन्या स्ट्रक्चरमध्ये उतरवतं, नव्या स्ट्रक्चरमधून १४ भरतं आणि परत फिरतं. १४ स्टोअर, १४ लोड, एक रिटर्न. पण आत शिरताना ते एका थ्रेडच्या स्टॅकवर असतं आणि बाहेर पडताना दुसऱ्याच्या. मग १४च का, ३१ का नाहीत? कारण हे फंक्शन सीमधून बोलावलं जातं. ठरलेल्या कॉलिंग कन्व्हेन्शनप्रमाणे बाकीची कामाची रजिस्टरं जपण्याची जबाबदारी बोलावणाऱ्याची असते, आणि ती कंपायलरनं आधीच पार पाडलेली असते. उरतात ती परतीचा पत्ता, स्टॅक पॉइंटर आणि एस० ते एस११. कंपायलर काय सांभाळतो आणि काय तुमच्यावर सोडतो हे कागदावर लिहिल्याशिवाय या दोन भाषांच्या सीमेवर कोड लिहू नये. तुमच्या प्रोसेसरच्या एबीआयमधलं, म्हणजे हे संकेत ठरवणाऱ्या दस्तऐवजातलं, ते पान छापून टेबलावर ठेवा.

हे सगळं प्रोसेसरनुसार किती बदलतं याचं उत्तम उदाहरण म्हणजे आर्मचे कॉर्टेक्स-एम प्रोसेसर. एसटीएम३२ बोर्ड किंवा रास्पबेरी पाय पिको वापरणाऱ्यांच्या हातात तेच असतात. तिथे रीसेट होताच स्टॅक पॉइंटरची किंमत हार्डवेअरच व्हेक्टर टेबलाच्या पहिल्या शब्दातून उचलतं. इंटरप्ट आला की आठ रजिस्टरंही तेच स्टॅकवर ठेवतं, आणि कन्व्हेन्शनप्रमाणे बोलावणाऱ्यानं जपायची सर्वसाधारण रजिस्टरं त्यांत येतात. म्हणून तिथे इंटरप्ट हँडलर साध्या सी फंक्शनासारखा लिहिता येतो. रीसेटनंतरचं पहिलं फंक्शनही सीमध्ये चालतं. असेम्ब्ली उरते ती मुख्यतः थ्रेड बदलण्यापुरती. पुण्यात सी-डॅकच्या एम्बेडेड डिप्लोमाला किंवा तशा कोर्सला जाणाऱ्यांनी हे आवर्जून लक्षात घ्यावं. एक्स८६ची पुस्तकं वाचून आलेली असेम्ब्लीची धास्ती तिथे निराधार आहे.

चूक उलट्या दिशेनंही होते, असेम्ब्लीचं काम ओढूनताणून सीमध्ये बसवण्याची. सहाव्या आवृत्तीच्या युनिक्समध्ये प्रोसेस बदलण्याचा कोड बराचसा सीमध्ये होता. एका फंक्शनात साठवलेली स्थिती दुसऱ्याच फंक्शनातून परत फिरताना वापरली जाई. पीडीपी-११चा कंपायलर प्रत्येक फंक्शनात रजिस्टरं एकाच पद्धतीनं साठवत असे, म्हणून ते चाललं. युनिक्स इंटरडेटा यंत्रावर नेताना मात्र ते कोसळलं, कारण तिथला कंपायलर कोणती रजिस्टरं वापरली त्यानुसार परतीचा कोड बदलत होता. ती यंत्रणाच मुळात सदोष होती, असं पुढे रिची यांनी स्वतः लिहिलं. कंपायलरनं न दिलेल्या वचनावर उभा केलेला सी कोड असेम्ब्लीपेक्षा जास्त घातक असतो, कारण तो दिसतो पोर्टेबल.

आता इनलाइन असेम्ब्ली. पोर्टवर एक बाइट पाठवणं, पेज टेबलाचा पत्ता प्रोसेसरला देणं, इंटरप्ट बंद करणं, अशी एकेका सूचनेची कामं सीच्या फंक्शनात गुंडाळून ठेवायला ती योग्य आहे. पण जीसीसी आणि क्लँग यांच्या दृष्टीनं तुमची असेम्ब्ली म्हणजे केवळ मजकूर. आत काय होतंय ते त्यांना कळत नाही. काय बदलतंय ते तुम्ही सांगाल तेवढंच त्यांना माहीत.

एक्स८६वर इंटरप्ट बंद करायची सूचना सीएलआय. ती इनलाइन असेम्ब्लीत लिहिली, व्होलाटाइलही लिहिलं, पण काय बदलतंय ते सांगणाऱ्या क्लॉबरच्या यादीत 'मेमरी' लिहायचं राहिलं असं समजा. मेमरीशी या सूचनेचा काही संबंध नाही असं धरून कंपायलर तिच्यानंतरचं वाचन तिच्या आधी नेऊ शकतो. म्हणजे रांगेची लांबी इंटरप्ट चालू असतानाच वाचली गेली, मध्ये हँडलरनं ती बदलली, आणि सुरक्षित म्हणून लिहिलेल्या भागात तुम्ही शिळी किंमत वापरताय. ऑप्टिमायझेशन बंद असताना हे दिसणार नाही. चालू केलं की कधीतरी दिसेल. म्हणून इंटरप्ट, लॉक आणि पेज टेबल यांच्याशी संबंधित प्रत्येक इनलाइन ओळीत मेमरी क्लॉबर हवाच, आणि अशी फंक्शनं एकाच हेडर फाइलीत असावीत, म्हणजे तपासायला एकच जागा राहते. चार-पाच सूचनांहून मोठं काही असेल तर इनलाइनचा मोह सोडा आणि स्वतंत्र असेम्ब्ली फाइल करा.

लॉकसाठी तर आता असेम्ब्ली लागतही नाही. २०११च्या सी मानकापासून अॅटॉमिक क्रिया भाषेतच आहेत, आणि कंपायलर त्यांच्यासाठी योग्य सूचना आणि योग्य फेन्स घालतो. डिव्हाइसच्या रजिस्टरांसाठी व्होलाटाइल पॉइंटर पुरतो. मात्र व्होलाटाइलनं फक्त कंपायलरला आवर बसतो. प्रोसेसरनं क्रम बदलू नये म्हणून आर्म आणि रिस्क-फाइव्हवर फेन्स वेगळा द्यावा लागतो.

सीमध्ये कर्नल लिहिताना कंपायलरला आपण कर्नल लिहितोय हे सांगावंही लागतं, आणि इथे अनेकांचे आठवडे जातात. फ्रीस्टँडिंगचा पर्याय दिला तरी जीसीसी मेमकॉपी, मेममूव्ह, मेमसेट आणि मेमकम्पेअर ही चार फंक्शनं तुमच्याकडे आहेत असं धरून चालतो. ती लिहून द्या. ऑप्टिमायझेशन चालू असेल तर तुम्ही मेमसेटमध्ये लिहिलेला साधा लूप ओळखून तो त्याच्या जागी मेमसेटलाच हाक मारू शकतो, म्हणजे फंक्शन स्वतःला बोलावत राहतं आणि स्टॅक संपतो. ते टाळायचा वेगळा पर्याय जीसीसीत आहे, आणि ती फाइल त्या पर्यायानंच कंपाइल करावी.

एक्स८६-६४वर याहून फसवा आहे तो रेड झोन. लिनक्सवर वापरल्या जाणाऱ्या सिस्टिम-व्ही एबीआयप्रमाणे, दुसऱ्या कुणाला न बोलावणारं फंक्शन स्टॅक पॉइंटर न हलवताच त्याच्या खालचे १२८ बाइट वापरू शकतं. यूजर प्रोग्राममध्ये हे निर्धोक आहे. कर्नलमध्ये मात्र इंटरप्ट आला की प्रोसेसर परतीच्या माहितीचे पाच शब्द, म्हणजे ४० बाइट, त्याच स्टॅकवर नेमके तिथेच लिहितो. चालू फंक्शनाची व्हेरिएबल्स पुसली जातात. इंटरप्ट नेमक्या त्या क्षणी आला तरच बिघडतं, म्हणून चूक कधीतरी दिसते आणि डिबगर लावला की दडते. तुमचा सी कोड वाचून ती कधीच सापडणार नाही, कारण त्यात चूक नसते. रेड झोन बंद करणारा पर्याय मेकफाइलमध्ये पहिल्या दिवशीच टाका. त्याच्या शेजारी फक्त सर्वसाधारण रजिस्टरं वापरायला लावणारा पर्यायही टाका. नाहीतर कंपायलर स्ट्रक्चरची नक्कल करायला एसएसई रजिस्टरं वापरेल आणि यूजर प्रोग्रामची त्यातली किंमत नष्ट होईल.

सीमेवरची आणखी एक जागा सांभाळायची आहे. असेम्ब्लीत स्ट्रक्चरचे भाग ०, ८, १६ अशा अंतरांनी लिहिलेले असतात. सहा महिन्यांनी कुणी सीमधल्या व्याख्येत मधेच एक नवा भाग घालतो आणि असेम्ब्ली निमूट चुकीच्या जागी लिहीत राहते. ना असेम्बलर तक्रार करतो ना लिंकर. यावर लिनक्सनं काढलेली वाट चांगली आहे. सीच्या एका खास फाइलीतून ही अंतरं बिल्डच्या वेळी काढून त्यांची हेडर फाइल तयार होते आणि असेम्ब्ली तीच वापरते. एवढी यंत्रणा नको असेल तर प्रत्येक अंतरासाठी एकेक स्टॅटिक असर्ट लिहा. पाच मिनिटांचं काम आहे.

दोनशे ओळींबद्दल, म्हणजे वेगाबद्दल, मला थोडंच सांगायचंय. आजचा कंपायलर रजिस्टरांची वाटणी आणि सूचनांचा क्रम बहुतेक माणसांपेक्षा बरा लावतो. अपवाद आहेत. मोठ्या मेमरीची नक्कल, चेकसम, आणि क्रिप्टोग्राफी, जिथे प्रोसेसरमधल्या एईएसच्या खास सूचना वापरायच्या असतात आणि लागणारा वेळ गुप्त माहितीवर अवलंबून राहू द्यायचा नसतो. लिनक्समध्ये हे आजही असेम्ब्लीत आहे. पण असा कोड प्रोसेसरांच्या पिढीबरोबर जुना होतो. मेमरी कॉपी करायची सगळ्यात वेगवान रीत एक्स८६च्या वेगवेगळ्या पिढ्यांत वेगळी आहे, म्हणून लिनक्सला बूट होताना प्रोसेसर पाहून योग्य रीत निवडावी लागते. प्रत्येक हाती लिहिलेल्या वेगवान फंक्शनाशेजारी त्याचं साधं सीमधलं रूपही ठेवा. तपासायला आणि नव्या प्रोसेसरवर पहिल्या दिवशी चालवायला तेच उपयोगी पडतं.

संपूर्ण असेम्ब्लीत लिहिलेल्या सिस्टिम नाहीत असं नाही. मेन्युएटओएस आणि तिच्यातून निघालेली कोलिब्रीओएस खिडक्या-आयकॉनांसकट १.४४ मेगाबाइटच्या एकेका फ्लॉपीत मावतात, आणि त्या कारागिरीबद्दल मला मनापासून आदर आहे. तसं काही घडवणं हाच हेतू असेल तर जरूर त्या वाटेनं जा. फक्त ती सिस्टिम एक्स८६ला कायमची बांधली जाईल. आणि भाषा सीच हवी असंही नाही. डिसेंबर २०२२मध्ये आलेल्या लिनक्स ६.१पासून त्या कर्नलमध्ये रस्टला जागा मिळाली आहे. रस्टनं मेमरीच्या चुका बऱ्याच आटोक्यात येतात, पण ट्रॅपचा प्रवेश आणि कॉन्टेक्स्ट स्विच तिथेही असेम्ब्लीतच लिहावे लागतात.

असेम्ब्ली कमी लिहा याचा अर्थ कमी शिका असा कुणी घेऊ नये. लिहिण्यापेक्षा ती वाचता येणं कर्नलवाल्याला दहापट लागतं. कर्नल पडतो तेव्हा हातात येतो तो एक पत्ता आणि रजिस्टरांच्या किमती. ऑब्जडंपनं कर्नल उलगडून त्या पत्त्यावरची सूचना काढायची, ती सीच्या कुठल्या ओळीची आहे ते ओळखायचं आणि कुठलं रजिस्टर शून्य असायला नको होतं ते पाहायचं, हे रोजचं काम आहे. सवय लावायला एक छोटं सी फंक्शन घ्या, ऑप्टिमायझेशनशिवाय आणि ऑप्टिमायझेशनसह कंपाइल करा आणि दोन्ही उतारे शेजारी ठेवून वाचा. मॅट गॉडबोल्ट यांच्या कंपायलर एक्सप्लोररवर हे ब्राउझरमध्येच होतं. नंतर क्यूइमू या एम्युलेटरवर एक्सव्ही६ थांबलेल्या अवस्थेत सुरू करा, जीडीबी जोडा आणि कॉन्टेक्स्ट स्विचमधून एकेक सूचना करत जा. स्टॅक पॉइंटरची किंमत ज्या सूचनेला बदलते तिथे थांबून बॅकट्रेस मागा. एका सूचनेपूर्वी मागितलेल्या बॅकट्रेसशी तो ताडून पाहा.

हे जमलं की स्वतःच्या कर्नलची परीक्षा घ्या. तो एक्स८६वर चालत असेल तर रिस्क-फाइव्हवर न्या, रिस्क-फाइव्हवर असेल तर ६४ बिटांच्या आर्मवर. क्यूइमूमुळे त्यासाठी बोर्ड विकत घ्यावा लागत नाही. या कामात ज्या फाइली उघडाव्या लागल्या त्यांची यादी ठेवा. बूट, ट्रॅप, कॉन्टेक्स्ट स्विच, पेज टेबल आणि टायमर या त्यात येणारच. शेड्यूलर, फाइल सिस्टिम किंवा पाइपची फाइल त्या यादीत आली, तर प्रोसेसरची माहिती तिथे कुठल्या ओळीतून शिरली ते शोधा आणि ती ओळ हलवा.